अर्धं घरचं, अर्धं गल्लीचं

दुपारचे दोन वाजलेत. मध्य मुंबईतल्या त्या जुन्या बेकरीच्या फळीवर विकायला फारसं काही उरलेलं नाही. पहाटेचा पाव कधीच संपला आणि संध्याकाळच्या पावाचं पीठ आत ओल्या फडक्याखाली फुगतंय. रस्त्याकडच्या दाराशी शुकशुकाट आहे. मागच्या दाराशी मात्र एक आजी नातवाला घेऊन उभ्या आहेत. नातवाच्या एका हातात चाळलेल्या मैद्याची पिशवी आहे, दुसऱ्या हातात पिठीसाखरेची. तुपाचा डबा आजींनी स्वतःकडे ठेवलाय आणि वेलची-जायफळाची पूड पदराच्या टोकाला गाठ मारून आणलीय.

कारागीर मैदा तराजूत घालतो. डब्याचं झाकण काढून तूप बोटाने दाबून बघतो.

‘‘रवा घालायचा?’’

‘‘वाटीभर घाल. बारीक आहे. आणि खरपूस भाज, पण करपवू नकोस.’’

‘‘काकी, तुमची कधी करपलीय का?’’

दिवाळीला दहा दिवस उरलेत आणि आजी नानकटाई करायला आल्या आहेत. सामान त्यांचं, प्रमाण त्यांचं, चवही त्यांच्या घरची. फेसणं, थापणं आणि भाजणं बेकरीचं. किलोमागे ठरलेली मजुरी दिली की व्यवहार पुरा झाला.

ज्यांचं लहानपण 1970 ते 1990च्या दरम्यान महाराष्ट्रातल्या गावा-शहरांत गेलं, त्यांना हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटीत घरातलं एखादं पोर डबे घेऊन बेकरीत बसवलं जायचं. काम एकच: आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना, यावर नजर ठेवायची. पोरांचं लक्ष अर्थातच पत्र्यांवर असायचं, कारण तुटलेली नानकटाई तिथल्या तिथे खायला मिळायची.

घरचं सामान आणि गल्लीतल्या कारागिराचा हात अशी ही भागी फराळापुरतीच नव्हती. दारातला आकाशकंदील आणि अंगावरचं नवं कापडही असंच व्हायचं. बुरुडाकडून कामट्या आणायच्या आणि कंदील घरात बांधायचा. दुकानातून खण आणायचा आणि तो शिंप्याकडे टाकायचा. पूर्ण तयार वस्तू विकत आणणं ही पुढची गोष्ट. पण पूर्ण घरात केलेलंही फार कमी असायचं, हे आज आठवणी काढताना निसटून जातं. जुन्या दिवाळीचं कौतुक करताना ‘सगळं घरी करायचो’ असं आपण म्हणतो. खरं तर निम्मं गल्लीने केलेलं असायचं.

भट्टी उतरली की

नानकटाईची वेळ दुपारचीच का, याचं उत्तर भट्टीत आहे.

विटांची भट्टी म्हणजे आतून घुमटासारखी बुटकी खोली. तिच्यात लाकूड पेटवतात, विटा तापवतात, मग निखारे कडेला ओढून फरशी साफ करतात आणि साठलेल्या उष्णतेवर भाजतात. आगीचं काम विटांना तापवायचं, भाजायचं काम विटांचं. सुरुवातीला भट्टी कडक असते. पावाला तशीच लागते, कारण पाव आत गेल्या गेल्या फुगायला हवा आणि वरून लगेच तांबूस व्हायला हवा. पावाचे घाणे निघाले की भट्टी हळूहळू उतरते. या उतरत्या आचेवर नानकटाई जाते, खारी जाते आणि शेवटी तासन्‌तास सुकणारे टोस्ट. कडक भट्टीत नानकटाई घातली तर कडा करपतात आणि मधे पीठ कच्चं राहतं. म्हणून घरोघरीचे डबे पहाटे कोणी घेत नसे. दोन पावांच्या मधली, विटांमध्ये ऊब उरलेली ती दुपार गल्लीतल्या बायकांसाठी राखलेली असायची. सरपण तर जळून गेलेलंच असे, त्यामुळे मजुरीही परवडणारी असायची.

पीठ करण्याची रीतही पावाच्या नेमकी उलट. मैद्याला पाणी लागलं आणि तो मळला की त्याला चिवटपणा येतो. पावाला तो हवाच असतो, कारण त्या चिवट जाळ्यातच वाफ आणि वायू अडकून पाव फुगतो. नानकटाईला तो अजिबात चालत नाही. म्हणून आधी तूप आणि पिठीसाखर तळहाताने परातीत फेसतात. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, मिश्रण पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. झालं का हे बघायला चिमूटभर गोळी पाण्यात टाकतात. साखर मिसळलेलं तूप एरवी बुडतं. त्यात पुरेशी हवा भरली गेली असेल तरच ते तरंगतं. मग मैदा घालतात, पण तो मळत नाहीत, गोळा धरेल इतपतच एकत्र करतात. मैद्याच्या कणाकणाला तूप लागलेलं असल्यामुळे चिवटपणाला वाव मिळत नाही आणि नानकटाई जिभेवर विरघळते.

तुपाचाही एक मुद्दा आहे, आणि तो बऱ्याच घरांत मानापमानाचा झालेला आहे. साजूक तुपाला वास अप्रतिम, पण ते लवकर वितळतं, म्हणून नानकटाई पसरते आणि चपटी होते. वनस्पती तूप जास्त वेळ घट्ट राहतं, फेसताना हवा धरून ठेवतं, म्हणून त्याची नानकटाई उंच आणि भुसभुशीत होते. डालडा 1937 साली बाजारात आला, आणि पिवळ्या डब्यावरचं ते ताडाचं झाड स्वयंपाकघरात रुळलं त्यात अशा पदार्थांचाही वाटा होता. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचे दुष्परिणाम पुढे स्पष्ट झाले. जानेवारी 2022पासून भारतात तेला-तुपातलं ट्रान्स फॅटचं प्रमाण दोन टक्क्यांवर आणलं गेलं. आज जाणत्या घरांत दोन्हींचा मेळ घालतात. घट्टपणापुरतं वनस्पती, वासापुरतं साजूक. आजींच्या डब्यात तेच होतं.

माथ्यावरच्या भेगा खायच्या सोड्याच्या किंवा बेकरीत ज्याला नुसतं ‘अमोनिया’ म्हणतात त्या पांढऱ्या पुडीच्या. आचेने तिचा वायू होतो, तो बाहेर पडताना नानकटाई तडकते. भट्टीचं दार उघडलं की क्षणभर नाकाला जो झोंबतो तो हाच वास. चपट्या, कोरड्या पदार्थातून तो पूर्ण उडून जातो. जाड केकमध्ये अडकून राहील, म्हणून केकला अमोनिया वापरत नाहीत.

या पदार्थाचं घर सुरत समजलं जातं. नान म्हणजे फारसीत पाव किंवा रोटी. खताई म्हणजे खताचा, म्हणजे चीनकडचा, असा एक अर्थ लावतात. डचांच्या वखारीसाठी पाव भाजणाऱ्या एका पारशी कामगाराकडे डच गेल्यावर भट्टी आली आणि तिथून सुरती नानकटाई नावारूपाला आली, अशी हकिकत दोतीवाला घराण्याच्या बेकरीबद्दल सांगतात. सुरतेहून मुंबई आणि मुंबईहून रेल्वेच्या रुळांलगतची गावं, हा प्रवास सोपा होता. जिथे बेकरी निघाली तिथे नानकटाई पोचली. आणि कधीतरी कुणा घरच्या बाईने बेकरीवाल्याला विचारलं असणार की सामान आम्ही दिलं तर चालेल का. त्या अनाम बाईचे उपकार मानायला हवेत.

वाळूवरचा डबा

ज्या गावात बेकरी नव्हती तिथे काय? तिथे पातेलं होतं. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटं वाळू घालायची, ती चांगली तापवायची, तिच्यावर ताटली आणि ताटलीत नानकटाई किंवा रव्याचा केक. वरच्या झाकणावर चार निखारे. खालची आच वाळू सारखी करून देते, वरची आच निखारे. प्रेशर कुकर आले तेव्हा तीच वाळू कुकरमध्ये गेली, शिटी आणि रबराची रिंग काढून. मग आला अॅल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन, झाकणाला काचेची खिडकी असलेला. एका इमारतीत असा एक ओव्हन असला तरी पुरायचा. तो जिन्यावरून वर-खाली फिरायचा आणि परत येताना रिकामा यायचा नाही, आत चार तुकडे ठेवलेले असायचे.

वर-खाली आचेची ही युक्ती गोव्यात कळसाला पोचली. बेबिंकाचा एकेक थर ओतायचा, झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवायचे, थर तांबूस झाला की त्यावर तूप आणि पुढचा थर. सात थरांची बेबिंका करायला अर्धा दिवस सहज जातो. तो पदार्थ नाताळचा, पण घर आणि भट्टीची भागी तिथेही आहेच. गोव्यातला पोदेर पहाटे पाव भाजून झाला की नाताळच्या दिवसांत शेजारपाजारच्यांचे केक आणि भाजायचे पदार्थ आपल्या भट्टीत सरकवून द्यायचा.

चोवीस काड्या, बारा गाठी

माहीमला लेडी जमशेटजी मार्गाच्या कडेने दसरा उलटला की कंदील लटकू लागतात. मुंबईकर त्या पट्ट्याला कंदील गल्ली म्हणतात. दिवेलागणीला तिथून चालत जाणं हा मुंबईतल्या दिवाळीचा सगळ्यात सुंदर फेरफटका आहे. डोक्यावर चांदण्या, मटके, कमळं, विमानं, झुंबरं. फूटभराच्या लहानग्या कंदिलांच्या माळा आणि सोसायटीच्या फाटकावर लावायचे माणसाएवढे.

या सगळ्या गर्दीत एक आकार अजून हटलेला नाही. मधे चार उभे पतंग, त्यांच्या वर-खाली त्रिकोण, कडांना सोनेरी पट्टी, तळाला झिरमिळ्या. ‘पारंपरिक द्या’ म्हटलं की विक्रेता तोच काढतो. तो बांधताना बघणं म्हणजे भूमितीचा उत्तम तास.

आधी बांबूच्या सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या तासून घ्यायच्या. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. मग हे चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यांत जोडायचे: एक वर, एक खाली, चार मधे टोकांवर उभे केलेले. चौकोनाच्या कोपऱ्याला चौकोनाचा कोपरा. असे कोपरे जोडत गेलं की एकूण गाठी होतात बारा, आणि चौकोनांच्या मधल्या फटींत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोणासाठी वेगळी काडी लागत नाही. हे पहिल्यांदा जमलं की लहान मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

नुसता सांगाडा हातात धरला तर तो डुगडुगतो, दाबला तर पिळतो आणि मिटायला बघतो. बऱ्याच जणांना इथेच वाटतं की आपल्या गाठी सैल राहिल्या. गाठींचा दोष नसतो. चौकोन हा आकारच डळमळीत आहे, काड्या कितीही घट्ट बांधा, तो तिरका होऊ शकतो. मधल्या चार चौकोनांवर पतंगाचा कागद ताणून चिकटवला आणि खळ वाळली की कंदील ताठ उभा राहतो. वरच्या चौकोनात बल्बचा होल्डर अडकवायला तिरकी कामटी बांधतात, तीही आधार देते. कागद शोभेचा वाटतो, पण तो ओझं पेलत असतो.

खळ मैद्याची, पातळ शिजवलेली. जुनी माणसं तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं आणि किडे कागद कुरतडत नाहीत. कागद चिकटवताना तो हलका ओला करतात. वाळताना तो आखडतो आणि ढोलाच्या कातड्यासारखा ताणला जातो. कोरडा कागद कितीही जपून लावला तरी दुसऱ्या दिवशी त्याला पोट सुटतं. कडा सोनेरी पट्टीने झाकायच्या, कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या बसवायच्या. झिरमिळ्या शेवटी, कारण त्या आधी लावल्या तर हाताळताना फाटतात.

कामट्या पूर्वी बुरूड आळीतून यायच्या. टोपल्या, सुपं विणणारे बुरूड बांबू चिरून, सोलून, हाताला कूस लागणार नाही इतक्या गुळगुळीत कामट्या द्यायचे. बांबू तासणं हे काम घरात जमण्यासारखं नव्हतंच, कारण त्याला त्यांचा कोयता आणि त्यांचा हात हवा. पुढचं बांधणं, रंग जुळवणं, कुणाचा कंदील आधी लागतो याची चुरस, हे चाळीचं. आता माहीमच्या गल्लीत आणि पुण्याच्या बोहरी आळीत कंदिलाचं सामान एकत्र बांधलेली पाकिटं मिळतात. कापलेल्या काड्या, कागद, झिरमिळ्यांचे गठ्ठे. तयार कंदिलाच्या रांगेशेजारीच ती टांगलेली असतात. जुनीच रीत नव्या पुडक्यात परत आली आहे, आणि तिचं मनापासून स्वागत करायला हवं.

दिवा थंड झाला

कंदिलाच्या रूपात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे बदल झाले, त्यामागे दोन गोष्टी ठळक दिसतात.

पहिली म्हणजे दिवा. साठ वॅटचा पिवळा बल्ब चांगलाच तापायचा. कागद त्याच्यापासून वीतभर लांब ठेवावा लागे, कापड तर जवळ आणायची सोयच नव्हती. म्हणून कंदील मोठा आणि पोकळ. एलईडी आला आणि तेवढाच उजेड सात-नऊ वॅटमध्ये मिळू लागला. काच फारशी तापत नाही. त्याबरोबर कारागिरांना कापड, दोऱ्यांची जाळी, वेताचं विणकाम, लेझरने कापलेलं पातळ लाकूड हे सगळं दिव्याला भिडवता आलं. खणाच्या आणि पैठणीच्या काठांचे कंदील आज दारोदारी दिसतात ते या थंड दिव्यामुळे. बदल बल्बच्या कारखान्यात झाला आणि शोभा दारातली पालटली.

दुसरी म्हणजे बंदी. मार्च 2018मध्ये महाराष्ट्र सरकारने एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकवर आणि थर्मोकोलवर बंदी आणली. तोवर थर्मोकोल कोरून केलेले कंदील जोरात होते. दिवाळी झाली की ते कचऱ्यात पडत आणि पुढच्या पावसाळ्यात गटारात सापडत. बंदीनंतर कार्डशीटचे घडीचे कंदील पुढे आले. ते एकावर एक चपटे ठेवता येतात, उघडले की कमळ किंवा झुंबर होतात. चपटे असल्यामुळेच ते बॅगेत मावतात. दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी परदेशी जाणाऱ्या फराळाच्या खोक्यात चकल्यांच्या डब्याखाली आता एक कंदीलही सपाट होऊन जातो. तिकडच्या बाल्कनीत तो उघडला जातो तेव्हा घडीच्या खुणा दिसतात. त्या दिसल्या म्हणून काही बिघडत नाही.

खणाची घडी

दादरच्या जुन्या कापड दुकानात खण मागितला की दुकानदार त्रिकोणी घडीची चवड पुढे सरकवतो. विड्याच्या पानासारखी दुमडलेली ही घडी ओळखीची आहे, कारण ओटीत नारळ-तांदळासोबत खण याच घडीत येतो. एक खण म्हणजे एका चोळीला पुरेल इतकं कापड. कापडाचं नावच त्याच्या मापावरून पडलं.

मराठीत याला धारवाडी खण म्हणतात, पण तो विणला जातो मुख्यतः बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या गुळेदगुड्डला. बेळगाव, धारवाड, विजापूरचा तो सगळा मुलूख 1956पर्यंत मुंबई राज्यात होता. सोलापूर, कोल्हापूर, सांगलीच्या बाजारपेठांशी त्याची ये-जा अखंड होती. कन्नड विणकर आणि मराठी गिऱ्हाईक ही जोडी पिढ्यान्‌पिढ्यांची. इरकल लुगडं आणि खणाची चोळी हा वेश कृष्णेच्या दोन्ही तीरांवर सारखाच दिसायचा.

खणाची नक्षी उभ्या धाग्यात असते. मूळ ताण्याबरोबर नक्षीचे जादा धागे मागावर ताणलेले असतात आणि ठरावीक क्रमाने ते वर उचलले जातात, की बारीक बारीक चौकडे, फुलं, रथाचे आकार उमटतात. कापड उलटं करून बघितलं तर नक्षीत न आलेले धागे मागे सुटे पळालेले दिसतात. पन्हा अरुंद, साधारण 30 ते 32 इंच. दोन्ही कडांना काठ.

या अरुंद पन्ह्यातच शिंप्याची परीक्षा आहे. चोळीचा काठ बाहीच्या कडेला यायला हवा आणि खालच्या पट्टीलाही. कापड जेमतेम, चूक झाली तर दुसरा खण आणावा लागणार. जुने शिंपी कापड अंथरून आधी नुसतं बघत राहायचे, मग खडूने रेघ मारायचे. मुलींचं परकर-पोलकं शिवताना परकराला आतून दोन बोटं जादा कापड मुडपून ठेवत, पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवायला. ‘वाढत्या अंगाचं शिवा’ हे वाक्य प्रत्येक शिंप्याने हजारदा ऐकलेलं आहे. आणि भावंडांचं कापड एकाच ताग्यातलं. धाकट्याचा सदरा, मोठ्याचा सदरा, कधीकधी बहिणीचा फ्रॉकही त्याच फुलाफुलांचा. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीत निघालेली मुलं कुठल्या घरची ते कापडावरून कळायचं.

मुंबईच्या गिरणगावात या कापडाला बोनसचं गणित जोडलेलं होतं. गिरणीचा बोनस हातात पडला की शिंप्याकडे रांग लागे, आणि दसऱ्यानंतर त्याच्या दारावर ‘ऑर्डर घेणे बंद’ अशी पाटी. जानेवारी 1982मध्ये सुरू झालेल्या संपाने अडीच लाख गिरणी कामगारांच्या घरांतली ही साखळी तुटली. रेडिमेड कपड्यांचा जोर वाढायला आणि ही घरं बोनसवाचून राहायला एकच गाठ पडली. गिरणगावातल्या अनेक शिंप्यांनी त्यानंतर नवं शिवणं सोडून ऑल्टरेशनची पाटी लावली.

मधल्या काळात खण ओटीपुरता उरला. बाया तो घ्यायच्या आणि पुढच्या ओटीत दुसऱ्या बाईला द्यायच्या, कुणी शिवायचंच नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला पुन्हा कात्री लागली. आधी ब्लाउज, मग साडीचा काठ, मग अख्खी खणाची साडी, पुरुषांची जाकिटं, लहान मुलींचे परकर, पिशव्या, वह्यांची वेष्टणं, कानातली, तोरणं. दिवाळीच्या प्रदर्शनांत एखाद्या टेबलावर खण नाही असं होत नाही. काही मांडण्या फार सुंदर आहेत. काळ्या खणावर एकच लाल काठ ठेवून केलेलं साधं जाकीट बघितलं की कापडाची ताकद कळते. काही नुसत्या चिकटवलेल्या आहेत आणि त्या तशा दिसतातही.

एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाने लक्षात ठेवावी. साडीचा पन्हा अरुंद खणातून निघत नाही. जी ‘खणाची साडी’ आज स्वस्तात मिळते ती बहुतेक यंत्रमागावर, कृत्रिम धाग्याची विणलेली असते. ती नेसू नये असं नाही. पण हातमागाच्या खणाचे पैसे तिच्यासाठी मोजू नयेत, आणि दुकानदाराला सरळ विचारावं की हे कुठे विणलं, धागा कसला. दोन-चार जणांनी विचारलं तरी उत्तर तयार ठेवावं लागतं, आणि खऱ्या विणकराचा माल वेगळा मांडावा लागतो. गुळेदगुड्डच्या मागांचं भवितव्य या प्रश्नावर बरंच अवलंबून आहे.

कापल्यानंतर उरणाऱ्या चिंध्यांचंही काही ठिकाणी सोनं होतंय. काठाची चार बोटांची पट्टी कंदिलाच्या कडेला जाते, त्याहून लहान तुकडा कानातल्यात. आपल्या घरचा जुना खण घेऊन येणारीही गिऱ्हाइकं आहेत. आजीच्या ओटीतले, पेटीत वीस वर्षं पडलेले चार खण, ‘याचं काहीतरी करून द्या’ म्हणून. शिवणारी बाई ते उजेडात धरते, कुठे विरलंय ते बघते आणि मग ठरवते. कापड घरचं आणि कात्री गल्लीतली.

सहा महिन्यांची मुदत

बेकरीकडे परत जायला हवं, कारण तिथेही अलीकडे बरंच घडलंय. जानेवारी 2025मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या हवेचा प्रश्न ऐकताना लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. महापालिकेने नोटिसा धाडल्या. बेकरीवाल्यांनी मुदत वाढवून मागितली.

धुराबद्दल दुमत नसावं. अनेक भट्ट्यांत भंगारातलं लाकूड जळतं, जुनं फर्निचर, रंग आणि पॉलिश लागलेल्या फळ्या, प्लायवूड. तो धूर सगळ्यात आधी भट्टीसमोर रात्रभर उभ्या असणाऱ्या कारागिराच्या छातीत जातो, मग वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत. तो थांबायलाच हवा. अडचण पैशाची आणि जागेची आहे. भट्टी पाडून विजेचा ओव्हन बसवायचा तर खर्च मोठा आणि पाव स्वस्तच विकायचा. भाड्याच्या जुन्या जागेत जादा विजेचा भार घेणंही सोपं नसतं. पत्रे फिरवून गरम वारा सोडणारे नवे ओव्हन भराभर भाजतात, पण ते बंद केले की लगेच निवतात. विटांची ती उतरत जाणारी दुपार त्यांच्यात नसते. पाव त्यांच्यात होईल. गल्लीतल्या दहा घरांचे डबे कुठल्या वेळेत घ्यायचे, हा प्रश्न उरतो.

एक मधली वाट आहे आणि काहींनी ती धरली आहे. विटांची भट्टी तशीच ठेवायची आणि लाकडाऐवजी गॅसचा बर्नर तिच्यात सोडायचा. विटा तापतात, बर्नर बंद होतो, भट्टी पूर्वीसारखीच सावकाश उतरते. धुराचा वास पावाला येत नाही, हे खरं. पण नानकटाई तशीही शेवटच्या, धूर निघून गेलेल्या आचेची. तिला फरक पडू नये.

आजींची नानकटाई ज्या भट्टीत गेली तिच्यात असाच बर्नर आहे. कारागिराने तो अर्ध्या तासापूर्वी बंद केलाय. तूप-साखर फेसून झालंय, गोळी पाण्यात तरंगलीय. त्याच्या हाताखालचा पोरगा लिंबाएवढे गोळे वळून काळ्या पत्र्यावर रांगेत मांडतोय, दोन गोळ्यांमध्ये दोन बोटं सोडून. प्रत्येकावर अंगठ्याने हलका दाब, मधे चारोळीचा एक दाणा. पत्रा लांब दांड्याच्या फळीवरून आत सरकतो. कारागीर घड्याळाकडे बघत नाही, वासाकडे लक्ष ठेवतो. आधी झोंबणारा वास येतो, तो गेला की वेलची, आणि वेलचीनंतर भाजलेल्या तुपाचा. तिसरा वास आला की तो दार उघडतो.

नानकटाई बाहेर आली तेव्हा मऊ असते, उचलली तर बोटं रुततात. ती पत्र्यावरच गार होऊ द्यायची. गरम असताना डब्यात भरली तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी नरम पडते. आजींना हे माहीत आहे, म्हणून त्या घरी निघाल्या आहेत. नातवाला मात्र थांबायचंय. कारागीर कोपऱ्यातली एक तडा गेलेली नानकटाई कागदावर काढून त्याच्यापुढे करतो. मग रिकाम्या डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवतो, खाली वजन लिहितो, आणि दारातून आजींना हाक मारून सांगतो, ‘‘सातनंतर पाठवा कुणालातरी. आणि एक डबा जास्तीचा द्या, यावेळी फुलली आहे.’’